बादलीतले बोय

रेवदंड्याच्या खाडीवर मी पहिल्यांदा गरवायला बसलो तेव्हा सातवीत होतो. मामाने हातात तंगूस दिला, गरीला जिवंत कोळंबी लावून दिली आणि स्वतः दहा-बारा हातांवर जाऊन बसला. तासाभरात त्याला दोन तांबोशी लागल्या. माझी कोळंबी पाण्यात फिरून फिरून दमली, पण तिला कोणी विचारलं नाही. मी वैतागून म्हटलं, "मामा, इथे मासाच नाहीये."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मासा हाय. त्याला आज कोलंबी नको हाय."

मग उठून आला, माझी गरी ओढून घेतली, डब्यातून रुपयाएवढी चिंबोरी काढली, तिचे नांगे मोडले, मागच्या पायाजवळून गरी घातली आणि परत पाण्यात सोडली. त्या दिवशी मला एक तांबोशी मिळाली. तळहाताएवढीच होती, पण ती घरी नेताना मी सगळ्या गल्लीला दिसेल अशी धरली होती.

मामाचं ते वाक्य मी बरीच वर्षं खाडीवरची एक युक्ती म्हणून लक्षात ठेवलं. पुढे इतिहास वाचायची सवय लागली आणि पुस्तकांत मासेमारी शोधायला लागलो, तेव्हा एक गंमत जाणवली. जाळी सापडतात, होड्या सापडतात, बंदरं, जकाती, खारवलेल्या माशांचा व्यापार, सगळं सापडतं. आमिष क्वचितच सापडतं. उत्खननात हाडाची, तांब्याची गरी निघते, पण तिच्यावर काय लावलं होतं ते निघत नाही. ते एकतर माशाने खाल्लेलं असतं किंवा कुजून गेलेलं असतं.

आधी खाडीवरचं थोडं सांगतो, कारण ज्यांनी कधी गरवलं नाही त्यांना 'आमिष' म्हटलं की गांडूळ आठवतं. खाऱ्या पाण्यात काठावरून किंवा होडीतून गरवताना जिवंत आमिष म्हणजे कोळंबी, बोय, चिंबोरीचं पिल्लू, चिखलात उड्या मारणारा निवटा. प्रत्येकाला गरी लावायची जागा वेगळी. कोळंबीच्या डोक्यात आरपार दिसणारा एक काळा ठिपका असतो. त्याला धक्का लागला की ती जागच्या जागी मरते, म्हणून गरी त्याच्या पुढून, शिंगाच्या मुळाशी घालायची किंवा सरळ शेपटीत. बोयाला पाणी जोरात वाहत असेल तर ओठातून टोचायचं, म्हणजे तो प्रवाहाकडे तोंड करून पोहत राहतो. पाणी थांबलेलं असेल तर पाठीवरच्या काट्यामागे, कण्याच्या वर, वरवर. कोरड्या हाताने बोय धरला की त्याची बुळबुळीत साय निघते आणि तो अर्ध्या तासात उलटा होतो. कोळंबी मात्र ओल्या गोणपाटात पाण्याबाहेरही तासन् तास तग धरते. निवटा तर त्याहून चिवट.

आणि हे सगळं रोज बदलतं. उधाणाच्या भरतीला पाणी तिवरांच्या मुळांत शिरतं, तेव्हा मासा तिथे चिंबोऱ्या शोधत असतो. भांगाच्या दिवसांत पाणी कमी हलतं, निवळ असतं, तेव्हा गरी दिसते आणि आमिष जोरात हालचाल करणारं लागतं. जिताडा लहान असताना कोळंबीवर जास्त जगतो, मोठा झाला की माशांवर. त्यामुळे मोठा जिताडा हवा असेल तर मामा कोळंबीकडे बघायचाही नाही. बोय लावायचा, तोही शेपटीचा टोकाचा भाग कात्रीने जरासा कापून, म्हणजे तो तिरपा, लंगडल्यासारखा पोहतो. जिताडा चावत नाही. तोंड एकदम उघडतो आणि आमिषासकट पाणीच ओढून घेतो. रात्री शांत खाडीवर तो आवाज येतो, 'डब्ब'. त्या आवाजासाठी माणसं झोप मोडतात. (आमच्या भागात साहेबाकडे अडलेलं काम असेल तर जिताडा घेऊन जावा असं म्हणतात. मी तो प्रयोग केलेला नाही. मिळाला तर घरीच खाल्ला आहे.)

आता इतिहासाकडे. जिवंत आमिषाची मला माहीत असलेली सगळ्यांत जुनी लेखी नोंद अ‍ॅरिस्टॉटलची आहे आणि ती नेमकी बोयाची आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात प्राण्यांवरच्या ग्रंथात त्याने लिहिलं आहे, की फिनिशियाच्या, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर कोळी बोयाची मादी वापरून नर पकडतात आणि नर वापरून माद्या. भूमध्य समुद्रातला तो बोय, मुजिल सेफॅलस, आपल्या किनाऱ्यावरही सापडतो. आमच्या बादलीत जे बोय असतात त्यांच्या अनेक जातींपैकी तो एक.

पाचशे वर्षांनी ओप्पियन नावाच्या ग्रीक कवीने मासेमारीवर पाच सर्गांचं काव्य रचलं आणि रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस आणि त्याच्या मुलाला ते अर्पण केलं. त्यातही दोरीला बांधलेली मादी आहे आणि तिच्यामागे वेडे होऊन येणारे नर आहेत. ओप्पियन प्रेमाने आंधळे झालेल्या माशांबद्दल बराच हळहळतो. मला मात्र त्यातली कोळ्याची नजर आवडते. भूक नसलेल्या माशालाही काहीतरी हवं असतं, हे त्याने ओळखलं होतं. विणीच्या काळात मासा खात नाही, मग त्याच्यासमोर खाणं नाचवून उपयोग काय? आमिष बदलायचं म्हणजे दर वेळी पदार्थच बदलायचा असं नाही, कधीकधी माशाची गरजच वेगळी ओळखावी लागते.

आपल्याकडे हा विषय एका राजाने हाताळला. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने 1130च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. मराठी वाचकांना हा ग्रंथ त्यातल्या पाककृतींमुळे आणि जुन्या मराठीच्या खुणांमुळे माहीत असतो. त्यातल्या शंभर अध्यायांपैकी एक आहे 'मत्स्यविनोद', राजाने करमणूक म्हणून मासे कसे धरावेत याचा. समुद्रातले मासे वेगळे, नदीतले वेगळे. खवल्यांचे वेगळे, बिनखवल्यांचे वेगळे. आणि कोणत्या माशाला काय खाऊ घालायचं तेही वेगळं. कोणाला पिठाचे गोळे, कोणाला तिळाची पेंड, कोणाला मांस. आधी खाऊ घालून मासा त्या जागेला सरावू द्यायचा आणि मग गळ टाकायचा.

हे वाचताना मला राजापेक्षा त्याला माहिती पुरवणारी माणसं दिसतात. सोमेश्वराने स्वतः गुडघाभर पाण्यात उभं राहून पस्तीसेक जातींच्या माशांच्या आवडीनिवडी तपासल्या असतील असं वाटत नाही. कोणा भोई-कोळ्यांनी सांगितलं असणार. त्यांची नावं ग्रंथात नाहीत. त्यांचं ज्ञान राजाचा छंद म्हणून टिकलं, हेही नसे थोडके.

पण मानसोल्लासातलं आमिष हे राजाच्या कोठारातून येतं. पेंड आणि पीठ कमी पडत नाही. जिवंत आमिषाचा प्रश्न तसा नसतो. ते आधी स्वतः पकडावं लागतं, म्हणजे मासा धरण्याआधी मासा धरायचा. आणि तो छोटा मासा किनाऱ्यालगत, उथळ पाण्यात, ठरावीक हंगामातच मिळतो. हा प्रश्न रोजच्या जगण्याचा म्हणून ज्यांनी शेकडो वर्षं सोडवला ते लोक आपल्यापासून फार लांब नाहीत. मालदीव आणि त्याच्या उत्तरेला आपल्याच लक्षद्वीपमधलं मिनिकॉय.

इब्न बतूता 1343मध्ये मालदीवला पोहोचला आणि तिथे काझी झाला. तिथला लालसर मासा उकडून, धुरावर सुकवून हिंदुस्थानात, चीनमध्ये, येमेनमध्ये जातो असं त्याने लिहून ठेवलं आहे. मिनिकॉयमध्ये त्या प्रकारच्या सुकवलेल्या कुप्याला आजही 'मासमीन' म्हणतात. हा कुपा बांबूच्या काठीने, एकेक करून पकडला जातो. त्यासाठी आधी पहाटे प्रवाळाच्या खडकांजवळ चौकोनी जाळं खाली सोडायचं, माशाचा चुरा टाकायचा आणि बोटभर लांबीचे मासे गोळा झाले की जाळं अलगद उचलायचं. ते मासे होडीच्या मधल्या कप्प्यात ठेवायचे. त्या कप्प्याच्या तळाला मुद्दाम भोकं पाडलेली असतात. समुद्राचं ताजं पाणी भोकांतून आत येत राहतं आणि माणसं ते सतत उपसून बाहेर टाकत राहतात. होडीला मुद्दाम भोकं पाडून समुद्रात जायचं! आमच्या मामाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "डोकं हाय त्यांना."

बाहेर खोल पाण्यात कुप्याचा थवा दिसला की मूठमूठभर जिवंत मासे फेकायचे, वर पाणी शिंपडायचं, म्हणजे पृष्ठभाग लहान माशांनी उसळतोय असं कुप्याला वाटतं. त्या गोंधळात तो चकचकीत गरीवर झेपावतो. गरीला उलटा काटा नसतो, त्यामुळे झटका दिला की मासा होडीत पडतो आणि गरी मोकळी.

माझ्या दृष्टीने यातला महत्त्वाचा भाग म्हणजे त्या मधल्या कप्प्यात रोज कोणता मासा असेल हे आदल्या रात्री सांगता येत नाही. मालदीवच्या कोळ्यांकडे आमिषाच्या माशांची मोठी यादी आहे. रेही आणि होंडेली हे चंदेरी, नाजूक, कुप्याला फार आवडणारे, पण हाताळले की भराभर मरणारे. बोधी हे दगडांच्या फटीत राहणारे, तुलनेने काटक. मुगुराण प्रवाळाच्या उतारावर थव्याने फिरणारे. निलामेही फांद्यांच्या प्रवाळात लपणारे निळे-हिरवे. मान्सून पालटला की बेटाची एक बाजू खवळते, आमिषाची जागा बदलते, जात बदलते. आज रेही नाही मिळाला तर मुगुराण, तोही नाही तर बोधी. कुठल्याही एकाच माशावर सगळा भार पडत नाही. कोणी ठरवून हे संवर्धन केलं असं मी म्हणणार नाही. ज्या दिवशी जे मिळेल त्यावर भागवायची ती सवय होती. 1974पासून होड्यांना इंजिनं आली, मग मोठ्या होड्या आल्या, पुढे रात्री दिवे लावून आमिष गोळा करायला सुरुवात झाली. तिथेही ताण आहेच.

ज्यांना अशी अदलाबदल जमली नाही त्यांचं काय झालं, ते बघायला पॅसिफिक महासागराच्या दुसऱ्या काठाला जावं लागतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात ट्यूना डबाबंद करण्याचा धंदा सुरू झाला. जपानहून आलेल्या कोळ्यांनी बांबूची काठी आणि जिवंत आमिष ही आपली पद्धत तिथे नेली. जपानात आमिषाचे छोटे मासे पकडल्यावर लगेच समुद्रात नेत नाहीत. किनाऱ्याजवळ तरंगत्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवतात, दगावायचे ते दगावतात, उरलेले दाटीत जगायला शिकतात आणि मग विकले जातात. कॅलिफोर्नियात सार्डिन आणि अँकोव्ही मुबलक होते, होड्या मोठ्या झाल्या, बर्फ आला आणि सॅन दिएगोचे ट्यूनावाले मेक्सिको ओलांडून दक्षिणेला कोस्टा रिका, पनामा, थेट गालापागोसपर्यंत जायला लागले. (ज्यांनी ही विद्या आणली त्या टर्मिनल बेटावरच्या जपानी कुटुंबांना फेब्रुवारी 1942मध्ये 48 तासांत घरं सोडायला लावली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण न सांगता पुढे जाववत नाही.)

एवढ्या लांब कॅलिफोर्नियाचे सार्डिन जिवंत नेणं अवघड. मग आमिष वाटेत घ्यायचं. कोस्टा रिकाच्या निकोया आखातात अँकोव्हेटा नावाचा मासा उथळ, गढूळ, तिवरांनी वेढलेल्या पाण्यात थव्याने राहायचा. आपल्या खाडीसारखीच जागा. टाक्यांत बरेच दिवस जगणारा, चमकणारा, ट्यूनाला आवडणारा. एक होडी आली, दहा आल्या, मग सगळ्यांचीच वाट तिथून जाऊ लागली. 1940च्या दशकाच्या अखेरीस निकोयातून अँकोव्हेटा जवळजवळ दिसेनासा झाला.

कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावरच्या माणसाच्या जागी मी स्वतःला ठेवून बघतो. परक्या होड्या येतात, तुमच्या खाडीतला मासा टाक्यांत भरतात आणि तो स्वतः खातसुद्धा नाहीत. लांब समुद्रात नेऊन दुसऱ्या माशाला घालतात, तो दुसरा मासा तिसऱ्याच देशात डब्यात जातो. तुमच्या वाट्याला रिकामी खाडी.

पुढे जे झालं ते वाचून मी अक्षरशः खुर्चीत सरळ बसलो. 1949मध्ये अमेरिका आणि कोस्टा रिका यांनी एक करार केला आणि त्यातून 1950मध्ये ट्यूनासाठी आंतरराष्ट्रीय आयोग कामाला लागला. त्या कराराच्या कामात ट्यूनाबरोबर 'ट्यूना पकडायला आमिष म्हणून वापरले जाणारे मासे' हेही स्पष्ट शब्दांत घातलेलं आहे. ज्या बोटभर माशाची हिशेबाच्या वहीत कोणी नोंद करत नव्हतं, तो दोन देशांच्या करारात आला. आयोगाच्या लोकांनी 1950च्या दशकात पनामाच्या आखातातून जिवंत अँकोव्हेटा आणून निकोयात सोडले. म्हणजे आमिषाचीच पुन्हा पेरणी.

या आयोगाचा पहिला संचालक मिल्नर शेफर. त्याने 1954मध्ये एक गणित मांडलं: माशांचा साठा किती असेल तर दरवर्षी किती पकडता येईल आणि तरी साठा टिकेल. मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही 'शेफर मॉडेल' शिकावं लागतं. माझी एक मैत्रीण हा विषय शिकते. तिला मी म्हटलं, तुझ्या त्या समीकरणाच्या घरात आमिषाचा मासा पण राहायचा. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग आमिषाचा प्रश्न सुटला का? सुटला, पण वेगळ्याच रीतीने. 1950च्या दशकाच्या अखेरीस नायलॉनची जाळी आणि ती ओढणारं यंत्र आलं. सॅन दिएगोच्या काठीवाल्या होड्या दोन-चार वर्षांत जाळ्यांकडे वळल्या. थव्याभोवती जाळं टाकायचं, खालून आवळायचं, सगळं वर. आमिष शोधायला नको, जगवायला नको, बदलायला नको. त्या भागात पिवळ्या पराचा ट्यूना डॉल्फिनच्या कळपाखाली पोहतो, त्यामुळे जाळ्यात डॉल्फिनही आले आणि पुढच्या वर्षांत लाखोंनी मेले. काठीने एकेक मासा धरणाऱ्या माणसाच्या हातून हे झालं नसतं. पण त्याला रोज पहाटे बोटभर माशांच्या मागे धावावं लागत होतं, आणि धंद्याला तेवढा वेळ नव्हता.

मामा आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. हात कापतात, त्यामुळे गरीला आमिष लावायचं काम माझं. कोळंबी मी बऱ्यापैकी लावतो. बोयाला लावताना अजून धांदल उडते. तो शेजारी बसून म्हणतो, "वर, अजून वर, कण्याला लागेल." खाडीत पूर्वी पाग एकदा टाकला की बादलीभर बोय यायचे. गेल्या दिवाळीत आम्ही भाच्याला पाग टाकायला लावला, सात वेळा टाकला, नऊ बोय आले. त्याला मामा काही कारण सांगत नाही. कारखान्याचं पाणी, भराव, तिवरांची तोड, खूप लोकांनी पागणं, प्रत्येकजण आपापलं कारण सांगतो आणि मला कोणतंही एक पटत नाही.

शनिवार-रविवारी पुलावर शहरातून आलेली मुलं असतात, महागड्या काठ्या, प्लास्टिकचे रंगीत मासे. मामा त्यांच्याकडे कौतुकाने बघतो. मला वाटलं होतं नावं ठेवेल. "बरं हाय," तो म्हणाला, "याला मरण नाय."

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही सुकतीला बसलो. कोळंबी लावली, अर्धा तास काही नाही. बोय लावला, एकदा तंगूस ताणला आणि ढिला पडला. ओढून बघितलं तर बोय अर्धा गेलेला. निवटा लावला. चिंबोरी लावली. पाणी तिवरांतून बाहेर पडलं, चिखल उघडा पडला, बगळे उतरले. अंधार झाला तरी मामा उठायचं नाव घेईना. मी आमिषं बदलत राहिलो आणि तो प्रत्येक वेळी मान हलवत राहिला, जणू यादीतलं एकेक नाव खोडतोय.

शेवटी बादलीत पाच बोय उरले. पूर्वी उरलेलं आमिष तो निघताना खाडीत परत ओतायचा, मी कितीतरी वेळा बघितलं आहे. मी बादली उचलून पाण्याकडे वळलो तर त्याने हात धरला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाला. "मामी वाट बघत असंल. रिकाम्या हाताने गेलो तर बोलंल."

मामीने बादलीत डोकावून बघितलं आणि आमच्या दोघांकडे बघितलं. काही बोलली नाही. बोय साफ केले, मीठ-हळद-मसाला लावून तव्यावर टाकले. मामाने त्याच्या ताटातला एक मोठा तुकडा उचलून माझ्या ताटात ठेवला आणि भाच्याला म्हणाला, "उद्या पहाटे भरती हाय. पाग धुऊन ठेव."